तीन आणे कुठे गेले? मोडी कागदांच्या छायाचित्रणात रिझोल्यूशन निवडण्याचे एक प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका देवस्थानाच्या कीर्दीचे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचे, पान. मोडी वाचणाऱ्या बाईंनी छायाचित्रावरून रकमा एकाखाली एक उतरवून बेरीज केली, तर ती पानाच्या तळाशी कारकुनाने मांडलेल्या बेरजेपेक्षा तीन आण्यांनी कमी भरली. पुन्हा केली, तरी तीन आणे कमीच. जुना कारकूनही चुकू शकतो. पण पुढच्या पानावर दोन आणे कमी, त्यापुढच्यावर पाच. एकदाही जास्त नाही. चूक सतत एकाच बाजूला होत असेल तर संशय कारकुनावर नाही, मधल्या साधनावर घ्यावा. इथे मधले साधन कॅमेरा होते.

जुन्या हिशेबात रुपयांच्या आकड्यापुढे उभ्या रेघा येतात त्या पावल्यांच्या, म्हणजे चार-चार आण्यांच्या, आणि त्यानंतर आडव्या रेघा येतात त्या सुट्या आण्यांच्या. ‘७॥=’ म्हणजे सात रुपये दहा आणे. यातल्या दोन आडव्या रेघा एकमेकींत मिसळून एकच जाड रेघ दिसली, की वाचणारा सात रुपये नऊ आणे वाचतो. या पानावर अशा तीन नोंदी होत्या.

कागद होते ६१२. सहा रुमालांत बांधलेली पत्रे, यादी, पावत्या आणि कीर्द-खतावणीची सुटी झालेली पाने. बहुतेक जाड हातकागद, १४ इंच लांब आणि साडेपाच-सहा इंच रुंद, मधोमध उभी घडी. पाठपोट लिहिलेले धरून सुमारे ११५० चित्रे घ्यायची होती. कॅमेरा कॅननचा २४ मेगापिक्सेलचा साधा डीएसएलआर, सोबत येणारी १८-५५ ची लेन्स, एक ट्रायपॉड, ८ जीबीचे एक कार्ड. पहिल्या दिवशी ४३० चित्रे झाली आणि ती सगळी ‘एस२’ या मापात.

हे माप निवडण्यामागे कारणे होती आणि ती ऐकायला पटणारी होती. मोठ्या मापात एक जेपेग साडेसात एमबीच्या आसपास जाते, म्हणजे ८ जीबीच्या कार्डावर हजारभर चित्रेच मावतात. लहान मापात दीड-दोन एमबीत काम भागते. लॅपटॉप जुना होता. विश्वस्तांना चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर हवी होती. शिवाय एस२ म्हणजे २४०० × १६०० पिक्सेल, साध्या एचडी पडद्यापेक्षा मोठे चित्र, मग आणखी कशाला? कॅमेऱ्याच्या पाठीवर पाहिले तरी अक्षर लख्ख दिसत होते. ते दिसणारच. पाठीवरचा पडदा जेमतेम ६४० × ४८० पिक्सेलचा असतो, त्याच्यावर कुठल्याही मापाचे चित्र सुबकच दिसते. भिंगाचे बटण दाबून चित्र पूर्ण मोठे करून पाहिल्याशिवाय त्या पडद्यावरून काहीही ठरवू नये.

आता हिशेब. मेनूतला मेगापिक्सेलचा आकडा कागदाबद्दल काही सांगत नाही. कागदाच्या एका इंचावर किती पिक्सेल पडतात, तो आकडा काढावा लागतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: चित्राच्या लांब बाजूचे पिक्सेल, आणि त्या बाजूचा किती भाग कागदाने व्यापला आहे. पहिल्या दिवशी कागदाभोवती सैल जागा सोडली होती आणि तो चौकटीच्या साधारण ८० टक्केच व्यापत होता. २४०० चे ८० टक्के १९२०, भागिले १४, उत्तर १३७ पिक्सेल प्रति इंच. म्हणजे एक पिक्सेल कागदावरचे ०.१८५ मिलिमीटर झाकतो.

बोरूचा जाड फटका अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे असतो, तो यातही टिकतो. पण मोडी हात न उचलता लिहितात. अक्षर अक्षराला जोडताना बोरूची टोकाची कड घासत जाते आणि तिथली रेघ ०.२ मिलिमीटरपर्यंत बारीक होते. म्हणजे या चित्रात तिच्या वाट्याला एकच पिक्सेल. आण्यांच्या दोन आडव्या रेघांमधली फट मोजली तर ०.३ मिलिमीटर, म्हणजे दीड पिक्सेल. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग पाहतो आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. त्यावर आठ बाय आठच्या चौकोनांत होणारे जेपेगचे आकुंचन, आणि वरून कॅमेऱ्याने परस्पर केलेले शार्पनिंग. दीड पिक्सेलची फट या तिन्हींतून दर वेळी वाचणे शक्य नव्हते. काही नोंदींत ती वाचली, काहींत बुजली. रेघा बुजतात, नव्या उगवत नाहीत, म्हणून बेरीज नेहमी कमीच येत होती.

अशा कामाला हाताशी धरण्यासारखा नियम असा: वाचायची जी सर्वांत बारीक रेघ किंवा फट असेल, तिच्यावर किमान तीन पिक्सेल पडावेत, चार-पाच पडले तर बरे. ०.२ मिलिमीटरच्या रेघेला तीन पिक्सेल द्यायचे तर ३८० पिक्सेल प्रति इंच लागतात. हस्तलिखितांसाठी अभिलेखागारांत ३०० ते ४०० चा दंडक का चालतो, ते या हिशेबातून आपोआप कळते.

याच कॅमेऱ्याची उरलेली मापे आता तपासून पाहू. चौकट नीट भरली तर कागद लांबीचे ९२ टक्के व्यापू शकतो. त्याहून घट्ट बसवू नये, कडा कापल्या जातात आणि समासातला शेरा नेमका तिथेच असतो. एल म्हणजे ६००० × ४०००, त्यातून ३९४ पिक्सेल प्रति इंच मिळतात. एम म्हणजे ३९८४ × २६५६, त्यातून २६२. एस१ म्हणजे २९७६ × १९८४, त्यातून १९६. कामाला फक्त एल पुरतो, तोही थोडक्यात. जुन्याच सैल चौकटीत एल घेतला असता तर ३४३ मिळाले असते, म्हणजे नुसते माप बदलूनही थोडे दुखणे राहिलेच असते. मेनू आणि चौकट या दोन्ही एकाच भागाकारातल्या संख्या आहेत, हे फार जण विसरतात.

इथे एक गोष्ट बोलून टाकावी. एल, एम, एस ही अक्षरे कंपनीगणिक वेगळी. निकॉनच्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यावर एम म्हणजे ४४९६ × ३०००, आणि कॅननचा एम त्याहून बराच लहान. ‘मी एमवर काढतो’ या वाक्याला त्यामुळे काही अर्थ नाही, पिक्सेल सांगावेत. दुसरे असे की एस२ निवडल्याने सेन्सरचा लहान भाग वापरला जातो असे नाही. कॅमेरा सगळेच पिक्सेल वाचतो, आणि मग चित्र लहान करून उरलेली माहिती फेकून देतो. ती नंतर परत मिळत नाही. संगणकावर चित्र मोठे करून रेघ सुटी होत नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘स्पष्ट’ करून देणारी साधने तर दस्तऐवजाच्या वाऱ्यालाही उभी करू नयेत. ती नसलेली रेघ सुबक काढून देतात, आणि हिशेबाच्या कागदावर एका रेघेची किंमत एक आणा असते.

एका विश्वस्तांनी विचारले की ४८ मेगापिक्सेलचा मोबाइल असताना एवढा खटाटोप कशाला. असे मोबाइल एरवी चार-चार पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचे, ४००० × ३००० चे चित्र देतात. ९२ टक्के चौकटीत ते २६३ पिक्सेल प्रति इंच होतात, डीएसएलआरच्या एमइतके. पूर्ण ४८ चा पर्याय निवडला तरी त्या चारही पिक्सेलांवर एकाच रंगाची काच असते आणि पुढची लेन्स मटारएवढी, त्यामुळे बारकावा चौपट होत नाही. पत्राचा मजकूर कळायला मोबाइल पुष्कळ आहे. आणे मोजायला नाही.

दुसऱ्या फेरीची मांडणी अशी ठरली. लेन्स ५० मिलिमीटरवर ठेवून झूमच्या कड्यावर कागदी चिकटपट्टी लावली, कारण कॅमेरा खाली तोंड करून टांगला की साध्या लेन्सचा झूम स्वतःच्या वजनाने सरकतो आणि दिवसभरात चौकट बदलत जाते. १४ इंच म्हणजे चौकटीचे ९२ टक्के धरले, तर चौकट १५.२ इंचाची हवी. २२.३ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरला त्यासाठी कॅमेरा कागदापासून सुमारे ९७ सेंटिमीटर उंच लागतो. ट्रायपॉड टेबलाच्या कडेला, मधला दांडा आडवा, मागच्या पायाला वजनासाठी पाण्याचा पाच लिटरचा कॅन. सेन्सर आणि टेबल समांतर आहेत का, हे पाहायला टेबलावर छोटा आरसा ठेवावा. लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आले की झाले. पाणसळीपेक्षा ही युक्ती खात्रीची, कारण टेबलच वाकडे असेल तर पाणसळ फसवते.

पहिल्या दिवशीचा आणखी एक दोष आकारमान बदलताना उघड झाला. घड्यांमुळे कागद उंचसखल, म्हणून ‘सगळे फोकसमध्ये यावे’ या हेतूने एफ/१६ ठेवला होता. एवढ्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि एका बिंदूचा ठिपका २१ मायक्रॉन व्यासाचा होतो. या सेन्सरचा पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा, म्हणजे ठिपका जवळपास सहा पिक्सेलांवर सांडतो. एस२ मध्ये हे झाकले गेले होते. एल घेऊन एफ/१६ तसाच ठेवला असता तर फाइल मोठी आणि बारकावा मात्र एमच्याच पंक्तीचा. एफ/८ ला ठिपका निम्मा होतो, आणि या अंतरावर फोकसची खोली तरीही साडेतीन सेंटिमीटरहून जास्त मिळते. घडीचा उंचवटा एक सेंटिमीटरचा. एफ/८ पुरेसा होता.

बाकी: आयएसओ १००, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे एलईडी दिवे, व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून पक्का केलेला, दोन सेकंदांचा टायमर, फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठे करून अक्षराच्या कडेवर, आणि मग लेन्सचा ऑटोफोकस बंद. जुन्या शाईवर वाळवण्यासाठी टाकलेल्या वाळूचे कण अजून चिकटलेले असतात, ते समोरून उजेड पडला की चमकतात आणि अनुस्वारासारखे दिसतात. दिवे ४५ च्या खाली, ३५ अंशांपर्यंत आणले तर चमक जाते, पण कागदाचा खडबडीतपणा सावलीतून उठतो. इथे ४० वर तडजोड झाली. वाळू झटकून टाकायचा मोह आवरावा, तिच्याबरोबर शाईही निघते.

प्रत्येक रुमालाच्या पहिल्या चौकटीत कागदाशेजारी १५ सेंटिमीटरची पट्टी ठेवली. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी. संगणकावर पट्टीचे १० सेंटिमीटर किती पिक्सेल भरतात ते मोजायचे. ३९४ च्या हिशेबाने १५५१ यायला हवेत. १५०० च्या खाली आकडा आला, तर कॅमेरा वर सरकला आहे, झूम हलला आहे, किंवा कोणीतरी मेनूत हात घातला आहे. पहिल्या दिवशी पट्टी ठेवली असती तर ५४० च्या आसपासचा आकडा पहिल्याच रुमालाला दिसला असता.

छोट्या चिठ्ठ्यांसाठी कॅमेरा खाली आणावा का, यावर चर्चा झाली. आणला नाही. उंची तीच ठेवली की चार इंचांची चिठ्ठी असो की चौदा इंचांचे पत्र, इंचामागे पिक्सेल तेवढेच पडतात, आणि दोन कागदांवरचे हस्ताक्षर शेजारी ठेवून ताडून पाहता येते. चौकटीतली रिकामी जागा नंतर कापता येते. अपवाद शिक्क्यांचा केला. पत्राच्या शेवटी उठवलेली मोर्तब आणि वरची मुद्रा यांतली अक्षरे दोन-तीन मिलिमीटरची, शाई पसरलेली. त्यांच्यासाठी कॅमेरा ६७ सेंटिमीटरवर आणून वेगळी चित्रे घेतली. त्या उंचीवर चौकट दहा इंचांची होते आणि ६०० पिक्सेल प्रति इंच मिळतात.

एक जोडपत्र ५० इंच लांब होते, चिकटवलेल्या चार तुकड्यांचे. ते एका चौकटीत बसवायला कॅमेरा उंच नेला असता तर इंचामागे १२० पिक्सेलही उरले नसते. त्याऐवजी त्याच उंचीवर, प्रत्येक चौकटीत आधीचे तीन इंच पुन्हा येतील असा कागद सरकवत चार चित्रे घेतली. कागद सरकवायचा, कॅमेरा नाही. जोड नेमका दोन चौकटींच्या सीमेवर येऊ देऊ नये, कारण जोडावर बहुधा शिक्का असतो.

जेपेग की रॉ (सेन्सरवरची कच्ची माहिती तशीच साठवणारी फाइल) हा प्रश्न रिझोल्यूशनचा नाही, पण त्याच मेनूत शेजारी बसलेला असल्यामुळे गोंधळ होतो. कॅननच्या मेनूत गुळगुळीत पाव वर्तुळाचे चिन्ह कमी आकुंचनाचे, आणि पायऱ्यापायऱ्यांचे चिन्ह जास्त आकुंचनाचे. दोन्हींत पिक्सेल तेवढेच, कडा मात्र वेगळ्या. पायऱ्यांच्या चिन्हाने शाईच्या भोवती करड्या मुंग्या दिसतात आणि फिकट शाईत त्या रेघेत मिसळतात. इथे गुळगुळीत एल आणि सोबत रॉ, असे दोन्ही घेतले. फिकी पडलेली तपकिरी शाई पिवळ्या कागदावरून वेगळी काढायला रॉ फार उपयोगी पडते. ११५० चित्रांचा बोजा: जेपेग साधारण ८.६ जीबी, रॉ सुमारे ३२ जीबी. ६४ जीबीच्या एका कार्डात सगळे मावले. कार्डाची तंगी हे पहिल्या निवडीचे मुख्य कारण होते, आणि ती अशी एका कार्डाने मिटली.

४३० पैकी सगळी पुन्हा काढायची का? छापील हँडबिले आणि मोठ्या बाळबोध अक्षरातल्या नव्या पावत्या, मिळून ४१, तशाच ठेवल्या. १३७ पिक्सेलांतही त्या विनाअडथळा वाचता येत होत्या आणि त्यांतले काही कागद घडीवर फाटत चालले होते. पुन्हा उलगडण्याने होणारे नुकसान चांगल्या चित्राच्या फायद्यापेक्षा मोठे ठरले असते. उरलेली ३८९ पुन्हा काढली.

मग वाटपाचा घोळ. व्हॉट्सअ‍ॅप साधे चित्र पाठवताना लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलांवर आणतो. एलचे उत्तम चित्र त्यातून गेले की कागदावर इंचामागे १०५ च उरतात, पहिल्या दिवसापेक्षाही कमी. विश्वस्तांना पाहण्यासाठी ते चालेल. बाईंना वाचायला मूळ फाइल पेनड्राइव्हवरच द्यायची, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, असे ठरले.

स्मरणिका जुळवणाऱ्याने निरोप पाठवला की फोटो ७२ डीपीआयचे (छापताना इंचामागे ७२ ठिपक्यांचे) आहेत, ३०० चे द्या. हा फाइलमधला शिक्का आहे, चित्रात किती पिक्सेल आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. कागदाची लांबी भरणारे ५५२० पिक्सेल ३०० ने भागले तर १८ इंच येतात, म्हणजे १४ इंचांचे पत्र मूळ मापात छापूनही उरतील. शिक्का बदलायचा असेल तर पिक्सेल नव्याने न मोजता बदलावा. फोटोशॉपमध्ये ‘रिसॅम्पल’ची खूण काढून ३०० लिहावे. ती खूण तशीच ठेवून लिहिले तर फाइल फुगते आणि बारकावा वाढत नाही.

उत्सवात एका सनदेचा सहा फुटी फ्लेक्स लावायचा होता. ५५२० भागिले ७२ इंच, इंचामागे ७७ पिक्सेल. सात-आठ फुटांवरून पाहायच्या फ्लेक्सला तेवढे पुष्कळ. पहिल्या दिवसाच्या चित्रातून २७ मिळाले असते, आणि अक्षराच्या कडा मंडपाच्या दारातूनच दातेरी दिसल्या असत्या.

कीर्दीचे ते पान नव्या चित्रात पूर्ण मापाने उघडले तेव्हा आडव्या रेघांमधल्या फटीवर चार ते पाच पिक्सेल पडलेले होते. तीन नोंदींत ‘=’ सुटा दिसला. बेरीज कारकुनाच्या बेरजेशी जुळली. दोन आणे कमी असलेले पुढचे पानही जुळले. पाच आण्यांच्या पानावर मात्र चार आणेच मिळाले, आणि पाचवा आणा खरोखरच कारकुनाचा निघाला: त्याने खाली हातच्याचा एक जास्त धरला होता.